पटकीचा जंतू मधल्या काळात जातो कुठे?

पटकी, म्हणजे कॉलरा, म्हटलं की आपल्याकडे मरीआईचा गाडा आठवतो, म्हणजे रोग बाहेरून येतो आणि त्याला वेशीबाहेर नेऊन सोडायचं. डॉक्टर लोकांचा हिशोबही फार वेगळा नव्हता, १८५४ ला जॉन स्नोने लंडनमधे ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचं हँडल काढायला लावलं तेव्हापासून पेशंटची घाण पाण्यात आणि पाणी दुसऱ्याच्या पोटात, एवढंच. बरोबरच आहे ते, पण बांगलादेशात काहीतरी जुळत नव्हतं. साथ दरवर्षी ठरल्या वेळी यायची, एकदा पावसाच्या आधी, एकदा पाऊस ओसरल्यावर, आणि मधे पाणी तपासलं तर जंतू गायब.

१९७० च्या दशकात रीटा कोलवेल या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंच्या टीमला तो जंतू अमेरिकेत चेसापीक बेमधे सापडला, जिथे कॉलराची साथच नव्हती! म्हणजे खाडीचं मचूळ पाणी हेच त्याचं घर. पाणी गार झालं की तो मरत नाही, नुसता निपचित पडतो, लॅबच्या प्लेटवर वाढत नाही म्हणून दिसत नाही. आणि राहतो कोपेपॉडवर, म्हणजे जेमतेम मिलिमीटरभर कोळंबीचा भाऊबंद, त्याच्या अंगावर आणि आतड्यात हजारोंनी चिकटून.

मग पुढचं कोडं सुटायला लागलं, समुद्र तापला की शेवाळ-प्लवक वाढतं, ते खाऊन कोपेपॉड वाढतात, पाण्याची पातळी चढली की भरतीबरोबर हे सगळं नदीत, तिथून तळ्यात आणि कळशीत. २००० साली सॅटेलाइटचे आकडे लावून बघितले तर बंगालच्या उपसागराचं तापमान आणि बांगलादेशातल्या केसेस यांचा चढउतार खरंच एकमेकांशी जुळत होता. अर्थात नुसतं तापमान कुणाला आजारी पाडत नाही, तेच पाणी न उकळता प्यावं लागतं तिथेच साथ पसरते, हे विसरून सगळं हवामानावर ढकलणाऱ्यांचा मला रागच येतो.

सगळ्यात भारी उपाय बांगलादेशातल्या मतलब नावाच्या भागातला, ६५ गावांत. जुनी सुती साडी, धुऊन धुऊन सूत फुगलेलं, चारपाच घड्या करून कळशीच्या तोंडावर धरायची. सुटा जंतू त्यातून सहज जातो पण कोपेपॉड अडकतो, आणि त्याच्याबरोबर हजारो जंतू. आपल्याकडे नळाला फडकं बांधायचे ना, तसंच, फक्त घड्या जास्त. २००३ ला निकाल आला, कॉलरा ४८ टक्क्यांनी कमी. पाच वर्षांनी परत जाऊन बघितलं तर ३१ टक्के बायका अजून पाणी गाळत होत्या, कुणी सांगायला येत नसताना.