अन्नधोरणाची सल्लागार परिषद आणि मुळांवरच्या गुलाबी गाठी

२०२५ चं वर्ल्ड फूड प्राइझ ब्राझीलच्या मारियांजेला उंग्रिया या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंना मिळालं आणि आपल्याकडे त्याची फारशी चर्चा झालीच नाही. १९८७ मध्ये हे प्राइझ पहिल्यांदा दिलं गेलं तेव्हा ते आपल्या स्वामिनाथन सरांना मिळालं होतं, म्हणजे आपलं त्याच्याशी जुनं नातं आहे. उंग्रिया बाईंचं काम काय, तर सोयाबीनच्या मुळांवर राहणारे जिवाणू, आयुष्यभर मुख्य ध्यास हाच. मला ही बातमी आणखी एका कारणानं महत्त्वाची वाटते. शाश्वत अन्नधोरणासाठी सरकारनं एक सल्लागार परिषद नेमावी का, आणि नेमली तर त्यात कोणाला बसवावं, याचं उत्तर या जिवाणूंच्या गोष्टीत बऱ्यापैकी सापडतं. कॅनडानं २०२१ मध्ये अशी परिषद नेमली, ब्राझीलमध्ये तर १९९३ पासून, मध्ये खंड पडत, हा प्रयोग चाललाय. आपल्याकडे विषय काढला की लोक म्हणतात 'अजून एक समिती कशाला, कृषी खातं आहे ना'.

पण अन्न फक्त कृषी खात्याकडे नाहीच आहे हो. शेती कृषी मंत्रालयाकडे, खत रसायन आणि खते मंत्रालयाकडे, रेशन अन्न आणि सार्वजनिक वितरणाकडे, शाळेतली खिचडी शिक्षणाकडे, अंगणवाडीचा आहार महिला आणि बालविकासकडे, पाणी जलशक्तीकडे आणि खाद्यपदार्थांचे स्टँडर्ड आरोग्याच्या अखत्यारीत. प्रत्येकजण आपापल्या तुकड्याचा हिशोब ठेवतो. आणि या सगळ्यांच्या टेबलावरून एकच गोष्ट फिरत असते जिचा एकत्र हिशोब कोणीच मांडत नाही, ती म्हणजे नायट्रोजन, शेतकऱ्यांच्या भाषेत नत्र. डाळीतलं प्रोटीन म्हणजे नत्र, युरियाची गोणी म्हणजे नत्र, विहिरीच्या पाण्यात उतरणारा नायट्रेट म्हणजेही नत्रच.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे हे शाळेत सगळेच शिकलोय, पण पिकाला त्याचा थेट उपयोग शून्य. कारण त्याचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधानं इतके घट्ट धरून असतात की तो बंध तोडायला प्रचंड ऊर्जा लागते. फ्रिट्झ हाबरनं १९०९ मध्ये प्रयोगशाळेत हे करून दाखवलं, कार्ल बॉशनं १९१३ पर्यंत त्याचा कारखाना उभा केला, आणि आजही युरियासाठी लागणारा अमोनिया तसाच बनतो, ४००-५०० डिग्री तापमान, दीडदोनशे पट वातावरणाचा दाब आणि भरपूर नैसर्गिक वायू. आपले युरिया कारखाने त्यासाठी बराचसा वायू बाहेरून विकत आणतात. जगातल्या जवळजवळ निम्म्या माणसांचं अन्न या पद्धतीवर उभं आहे, त्यामुळे युरियाला शिव्या घालण्यात काही अर्थ नाही.

पण हेच काम एक जिवाणू साध्या मातीत, पावसाळ्यातल्या साध्या तापमानाला करतो. आणि कसं करतो ते मला सविस्तर सांगायचंय कारण माझ्या मते जीवशास्त्रातल्या सगळ्यात देखण्या यंत्रणांपैकी ही एक आहे.

सोयाबीनचं बी रुजलं की मूळ मातीत काही खास रसायनं सोडतं, आयसोफ्लॅव्होन्स. मातीत ब्रॅडीरायझोबियम नावाचा जिवाणू असेल तर तो ही रसायनं ओळखतो आणि त्याचे काही जनुक सुरू होतात, त्या जनुकांनी तो एक उत्तरादाखल रेणू बनवतो ज्याला नॉड फॅक्टर म्हणतात. हा रेणू मुळाच्या केसाला लागला की केस वळतो, पार आकड्यासारखा, आणि जिवाणूला आपल्या वळणात पकडतो. मग त्या केसाच्या आतून एक बारीक नळी तयार होत जाते, जिवाणू त्या नळीतून वाढत वाढत मुळाच्या आतल्या थरात पोचतात, तिथल्या पेशी तोपर्यंत विभागायला लागलेल्या असतात आणि त्यांची गाठ बनते. म्हणजे झाड आणि जिवाणू दोघांनी एकमेकांची ओळख पटवून मगच दार उघडलंय. हरभऱ्याचा जिवाणू वेगळा, सोयाबीनचा वेगळा, एका पिकाच्या बियाण्याला लावायचं जिवाणूंचं पाकीट दुसऱ्याला चालत नाही ते याचमुळे.

गाठीच्या आत खरं काम नायट्रोजिनेज नावाचं एन्झाइम करतं. त्याच्या गाभ्यात लोखंडाचे सात अणू, मॉलिब्डेनमचा एक, गंधकाचे नऊ आणि अगदी मधोमध कार्बनचा एक अणू असा एक पुंजका असतो, तिथे नायट्रोजनचा रेणू येऊन बसतो. मग त्याला एकेक करून इलेक्ट्रॉन दिले जातात, एका रेणूमागे आठ, आणि त्यासाठी पेशीचं चलन असलेल्या एटीपीचे निदान सोळा रेणू खर्च होतात. बदल्यात मिळतात अमोनियाचे दोन रेणू आणि वर हायड्रोजनचा एक. हा सगळा खर्च झाड उचलतं, पानात बनवलेली साखर खाली पाठवून.

आता अडचण बघा. नायट्रोजिनेजला ऑक्सिजनचा स्पर्श झाला की ते कायमचं बाद होतं. पण इतकं एटीपी बनवायला जिवाणूला श्वसन करावं लागतं आणि श्वसनाला ऑक्सिजन पाहिजेच. देवघरातल्या समईसारखं आहे हे, तिला हवा तर लागते पण वारा चालत नाही. झाडानं यावर काढलेला तोडगा म्हणजे लेगहिमोग्लोबिन, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचाच भाऊबंद. ते ऑक्सिजनला इतकं घट्ट धरतं की गाठीच्या आत मोकळा ऑक्सिजन नावापुरताच उरतो, पण धरलेला ऑक्सिजन ते जिवाणूंपर्यंत सतत पोचवत राहतं. एन्झाइम सुरक्षित, श्वसन चालू. या लेगहिमोग्लोबिनमुळेच गाठ नखानं फोडली की आत गुलाबी-लाल दिसते. पेरणीनंतर पस्तीस-चाळीस दिवसांनी सोयाबीनचं रोप मुळासकट हलकेच उपटून गाठी फोडून बघा, गुलाबी असेल तर काम चालू आहे, हिरवट किंवा तपकिरी असेल तर बंद पडलंय.

आणि धोरणाच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. मातीत आयता नायट्रेट मिळाला की झाड या गाठींवर साखर खर्च करायला तयार होत नाही, नवीन गाठी कमी येतात आणि असलेल्या सुस्तावतात. म्हणजे ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपयांना मिळते म्हणून सोयाबीनवर दोन मुठी जास्त फेकल्या की आपण पैसे देऊन फुकटचा कारखाना बंद पाडतो. वर जमिनीत न वापरला गेलेला नत्र काही पाण्यात उतरतो, काही नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो, आणि तो वायू शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो.

इथे ब्राझीलची गोष्ट सुरू होते. १९६० च्या दशकात तिथे सोयाबीन वाढवायचं ठरलं तेव्हा सोयाबीनसाठीच्या राष्ट्रीय आयोगात योहाना डोबेरायनर नावाच्या एक मृदा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होत्या. १९२४ मध्ये चेकोस्लोव्हाकियात जन्मलेल्या, युद्धानंतर ब्राझीलला आलेल्या. त्यांचा आग्रह होता की सोयाबीनच्या जाती निवडतानाच त्या जिवाणूंवर जगतील अशा निवडा, युरियावर वाढवून बघूच नका. ब्राझीलच्या जमिनीत सोयाबीनचा हा जिवाणू मुळात नव्हताच, तो बाहेरून आणून, निवडून, दरवर्षी बियाण्याला लावावा लागणार होता. त्यांचं ऐकलं गेलं. आज ब्राझीलमध्ये चार कोटी हेक्टरच्या वर सोयाबीन होतं आणि त्याला नत्राचं खत जवळजवळ देतच नाहीत. एक टन सोयाबीन दाण्याला साधारण ८० किलो नत्र लागतं, तिथलं उत्पादन हेक्टरी तीन टनांच्या आसपास, म्हणजे २४० किलो. हे सगळं युरियातून द्यायचं तर हेक्टरी जवळपास बारा गोण्या, आणि निम्मा वाया जातो धरलं तर बावीस-तेवीस. उंग्रिया बाईंनी हेच काम पुढे नेलं, जमिनीत जुने जिवाणू असले तरी दरवर्षी ताजे लावले तर उत्पादन सरासरी आठ टक्क्यांच्या आसपास वाढतं हे त्यांनी शेतावर दाखवून दिलं.

आपल्याकडे मराठवाडा-विदर्भात एवढं सोयाबीन आहे, रायझोबियमचं, म्हणजे याच गाठीतल्या जिवाणूंचं, पाकीटही कृषी सेवा केंद्रात मिळतं, मग फरक कुठे पडतो? एक फरक सांगतो. आपल्या खत नियंत्रण आदेशाप्रमाणे भुकटीच्या पाकिटात ग्रॅमला किमान पाच कोटी जिवंत जिवाणू असले की चालतं, ब्राझीलच्या नियमात हा आकडा शंभर कोटी आहे. वीस पट. आणि हे जिवाणू जिवंत आहेत, मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात पाकिटं पडून राहिली तर ते मरतात, मग शेतकरी म्हणतो लावून काही फरक पडला नाही, आणि तो खरंच बोलत असतो.

या पोकळीत मग बाकीचे दावे शिरतात. कोणी होमाच्या राखेनं जमिनीला नत्र मिळतं म्हणून सांगतं, पण लाकूड-शेण जळतं तेव्हा त्यातला नत्र बहुतेक धुरातच निघून जातो, राखेत पोटॅश उरेल, नत्र नाही. आणि राखेलाच कशाला नावं ठेवा, २०२१ मध्ये आलेल्या नॅनो युरियाच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत ४ टक्के नत्र होतं, म्हणजे २० ग्रॅम, आणि जाहिरात होती की ती एका गोणीची जागा घेईल, गोणीत नत्र असतं २०.७ किलो. हजारपट फरक आहे, हा हिशोब आठवीतला मुलगा करेल, पण तो जाहिरातीआधी मांडायची जबाबदारी नक्की कोणाची होती? सल्लागार परिषद हवी ती अशा वेळी.

ब्राझीलच्या परिषदेचं नाव कॉन्सेआ. दोन तृतीयांश सदस्य समाजातले, म्हणजे शेतकरी संघटना, आदिवासी, आहारतज्ज्ञ, संशोधक, आणि एक तृतीयांश सरकारचे, अध्यक्षसुद्धा समाजातला आणि सल्ला थेट राष्ट्राध्यक्षांना. १९९३ मध्ये झाली, १९९५ मध्ये बंद केली, २००३ मध्ये पुन्हा आली. २००९ च्या कायद्यानं शाळेच्या जेवणासाठीच्या केंद्रीय निधीतला निदान ३० टक्के पैसा छोट्या कुटुंबांच्या शेतमालावर खर्च करायचं ठरलं, त्यामागे या परिषदेचा मोठा हात होता. २०१४ मध्ये ब्राझील संयुक्त राष्ट्रांच्या भुकेच्या जागतिक नकाशातून बाहेर पडला. मग १ जानेवारी २०१९ ला नव्या सरकारनं पहिल्याच दिवशी परिषद मोडीत काढली, लोकांनी निषेध म्हणून शहराशहरात रस्त्यावर सामुदायिक जेवणं घातली, देश पुन्हा भुकेच्या नकाशात गेला (कोविडही मध्ये होता, सगळं खापर एका निर्णयावर फोडता येणार नाही), २०२३ मध्ये परिषद परत आली आणि २०२५ मध्ये देश पुन्हा त्या नकाशाबाहेर.

आणि हेही सांगायला हवं की त्याच सोयाबीनसाठी तिथे सेराडोची गवताळ रानं आणि ॲमेझॉनच्या कडेचं जंगल तुटलंय. जिवाणूंनी युरिया वाचवला, जंगल वाचवलं नाही. गाठीतला माणूस गाठीचंच बोलणार, जमीन कोणाची गेली, पीक कोणाच्या ताटात गेलं आणि किती जनावरांच्या खाद्यात गेलं हे विचारणारी माणसं त्याच टेबलावर लागतात. म्हणून नुसती शास्त्रज्ञांची समिती मला पुरेशी वाटत नाही.

आपल्याकडेही २००४ ते २०१४ राष्ट्रीय सल्लागार परिषद होती, अन्नसुरक्षा कायद्याच्या मसुद्यावर तिथे बरंच काम झालं आणि २०१३ मध्ये कायदा आला. त्यात माणशी महिन्याला पाच किलो धान्य आहे, तांदूळ, गहू, भरड धान्य. डाळ नाही. म्हणजे सरकारची सगळ्यात मोठी खरेदी युरिया खाणाऱ्या पिकांची, आणि जे पीक स्वतःचं नत्र स्वतः बनवतं, ज्याचा बेवड (आधीच्या पिकाचा जमिनीत उरलेला गुण) पुढच्या ज्वारीलाही चांगला असतो असं आपले म्हातारे सांगत आलेत, ते हक्काच्या यादीतच नाही. नत्राचा हिशोब एकत्र मांडणारं कोणी तिथे असतं तर डाळीचा आग्रह धरायला त्याच्याकडे आणखी एक कारण असतं असं मला वाटतं. आणि ही परिषद कायद्यानं बांधलेली नव्हतीच, सरकार बदललं आणि ती संपली.

म्हणून महाराष्ट्रानं स्वतःची परिषद करायची ठरवलीच तर ती विधिमंडळाच्या कायद्यानं करावी, तिचा प्रत्येक सल्ला जाहीर व्हावा आणि नाकारला तर सरकारनं कारण लेखी द्यावं. आणि पहिल्या बैठकीत जिवाणू संवर्धकाच्या पाकिटाचं स्टँडर्ड वाढवायची केंद्राकडे मागणी, पाकिटं थंड ठेवायची सोय आणि रेशनमध्ये तूर-हरभरा डाळ हे तीन विषय घ्यावेत. माणसं शोधायला लांब जायची गरज नाही, राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चारही कृषी विद्यापीठांत या विषयातली माणसं आहेत, त्यातल्या निदान एकाला मतदानाच्या हक्कासकट कायमची खुर्ची द्या.