गोकाकचा गेंडा आणि बिल्लासुर्गमच्या गुहा

बेळगावातनं कुणी बेलम केव्हज बघून आलं की ग्रुपवर फोटो पडतात आणि खाली एकजण हमखास विचारतो, आपल्याकडं असं का नाही हो? गुहा आहेत की आपल्याकडं, खानापूर भागातली तळेवाडीजवळची बारापेडे गुहा तर वटवाघळांसाठी जगात फेमस आहे, पण ती जिवंत वटवाघळं. गुहेत हजारो वर्षांपूर्वीची हाडं टिकायची तर ती चुनखडीची पाहिजे. चुन्याचं पाणी ठिबकत राहतं, जमिनीवर दगडासारखा पापुद्रा धरतो आणि खालच्या लाल मातीतलं हाड सीलबंद होऊन जातं. आपला काळा बेसॉल्ट, जांभा, गोकाक फॉलचा तो वाळूचा दगड, ह्यांच्यात हे जमत नाही.

पण गंमत अशी की बेलमच्याच जिल्ह्यात, म्हणजे आंध्रात नंद्याळ जिल्ह्यात (आधी कर्नूल), बेतमचर्ल्याजवळ ज्या बिल्लासुर्गमच्या गुहा आहेत, जिथं खरी प्राचीन हाडं निघाली, त्या खणणारा माणूस त्याच्या आधी आपल्या भागात फिरून गेलेला.

रॉबर्ट ब्रूस फूट, इंग्रज भूगर्भशास्त्रज्ञ. जिऑलॉजिकल सर्व्हेत १८५८ ला लागला, १८६३ ला मद्रासजवळ पल्लावरमला त्याला दगडी हातकुऱ्हाड सापडली आणि भारतातल्या अश्मयुगाचा अभ्यास खरा तिथनं सुरू झाला. नंतर त्यानं बेळगाव, धारवाड, कलादगी हा सगळा पट्टा, त्यावेळचा 'सदर्न मराठा कंट्री', पालथा घातला, त्याचा मोठा रिपोर्ट १८७६ चा. त्याच सर्व्हेत गोकाकजवळ (गावाचं नाव त्यानं चिकदौली लिहिलंय) घटप्रभेच्या खोऱ्यातल्या गाळात गेंड्याचे अवशेष मिळाले आणि १८७४ ला त्यानं त्याचं नाव ठेवलं ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस. आता गेंडा बघायचा तर काझीरंगा गाठावं लागतं, आणि आपण गोकाकला जातो ते धबधबा बघायला नाहीतर करदंट ही तिथली मिठाई आणायला, गेंड्याचा तिथं साधा बोर्ड असावा असं मला फार वाटतं.

बिल्लासुर्गममध्ये हाडं आहेत हे कॅप्टन न्यूबोल्डनं १८४४ लाच लिहून ठेवलेलं, पण पुढं चाळीसेक वर्षं कुणी लक्ष दिलं नाही. मग इंग्लंडमधनं हक्सलेनं, हो तोच डार्विनचा पाठीराखा, मद्रासचा गव्हर्नर ग्रँट डफ ह्याला सुचवलं की ह्या गुहा नीट खणा, आणि काम आलं फूटकडं. त्यानं सुरुवात केली, बाकीचं त्याच्या मुलानं, लेफ्टनंट हेन्री फूटनं पुरं केलं, १८८४-८५ च्या सुमाराला. छत कोसळून घळीसारख्या उघड्या पडलेल्या ह्या गुहांना त्यांनी कॅथेड्रल, पर्गेटरी, चार्नेल हाऊस अशी नावं दिली, त्यातलं शेवटचं म्हणजे सरळ हाडांची कोठी! निघालेल्या प्राण्यांच्या हाडांचा अभ्यास लिडेकर ह्या जीवाश्मांच्या अभ्यासकानं केला आणि तिथंही गेंडा निघालाच, त्याचं नाव पडलं कर्नूलिएन्सिस. शिवाय हाडांची हत्यारं सापडल्याचं फूट म्हणत होता, त्यावर लोक बरीच वर्षं शंका घेत राहिले. १९७० च्या दशकात त्याच भागातल्या 'मुच्चटला चिंतामानु गवी' नावाच्या गुहेत पुरातत्त्वज्ञ एम. एल. के. मूर्तींना खरंच हाडांची हत्यारं आणि सोबत चुलीची जागा मिळाली, साधारण १७ हजार वर्षांपूर्वीची, तेव्हा कुठं फूटचं म्हणणं लोकांना पटायला लागलं.

अलीकडं परत खोदकाम झालं त्यात आपल्या धारवाडच्या कर्नाटक युनिव्हर्सिटीचे पुरातत्त्वज्ञ रवी कोरीशेट्टर होते. २०१४ ला आलेल्या त्या पेपरात दिसतं की तिथं ओळखता आलेल्या सस्तन प्राण्यांच्या २१ प्रकारांपैकी २० प्रकार किमान एक लाख वर्षांपासून आजपर्यंत भारतीय उपखंडात टिकून आहेत, काहींचा मुक्काम तेवढा हलला. युरोप-अमेरिकेत मोठे प्राणी धडाधड संपले, इथं तसं झालेलं दिसत नाही.

जायचं तर हुबळी, बळ्ळारी, गुंतकल करत रेल्वेनं बेतमचर्ला गाठता येतं. बेलमसारखे लाईट आणि कठडे मात्र तिथं शोधू नका, आणि भिंतीतली लाल माती उकरून काही खिशात घालू नका.