डीएनए सापडला, म्हणजे नेमके काय सापडले?

१९७७ मध्ये ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक सँगर यांची डीएनएचा क्रम, म्हणजे त्याच्या घटकांची एकामागून एक येणारी मांडणी, वाचण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. त्या काळी क्रम ज्याचा वाचायचा तो जीव आधीच हाताशी असे, प्रयोगशाळेत वाढवलेला, नाव ठरलेला. त्यामुळे हा क्रम कोणाचा, अशी शंका येण्याचे कारणच नव्हते.

ती आली १९८० च्या दशकात. अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ नॉर्मन पेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीव वाढवण्याची पायरी गाळली आणि निसर्गातल्या नमुन्यांतूनच रायबोसोमच्या (पेशीत प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेच्या) आरएनएचे क्रम मिळवायला सुरुवात केली. १९९० मध्ये सार्गासो समुद्राच्या पाण्यात याच मार्गाने ‘सार-११’ नावाचा जिवाणूंचा गट सापडला. समुद्रात तो अफाट संख्येने आहे, पण प्रयोगशाळेत वाढवता आला थेट २००२ मध्ये. तोवर त्याची ओळख म्हणजे फक्त क्रम! मला हा या इतिहासातला सर्वांत विलक्षण टप्पा वाटतो.

पण इथूनच वाचनात अनुमान मिसळले. १९९० मध्येच आलेली ‘ब्लास्ट’ ही प्रणाली नव्या क्रमाशी जुळणारे क्रम आधी वाचलेल्या क्रमांच्या साठ्यातून शोधून देते. खरा मालक साठ्यात नसेल, तर यादीच्या वर दिसतो तो त्याचा एखादा नातेवाईक. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतल्या नमुन्यांत प्लेग आणि अँथ्रॅक्सच्या जिवाणूंशी जुळणारे तुकडे मिळाल्याचे प्रसिद्ध झाले. निरुपद्रवी नातेवाइकांतही तसेच तुकडे असतात. अभ्यासकांना पुढे आपल्या निष्कर्षात दुरुस्ती करावी लागली.

त्याच वर्षी टार्डिग्रेड या सूक्ष्म प्राण्याच्या जीनोमचा, म्हणजे त्याच्या संपूर्ण डीएनएचा, सुमारे सहावा भाग इतर जीवांकडून आल्याचा दावा झाला. काही महिन्यांतच दुसऱ्या गटाने दाखवले, की त्यातला बहुतेक भाग नमुन्यात मिसळलेल्या जिवाणूंचा होता. प्राण्याचा म्हणून जो क्रम वाचला, तो त्याच्या सोबत्यांचा निघाला.

मोजणीचेही तसेच. ई. कोलाय या जिवाणूमध्ये १६एस जनुकाच्या (ज्यापासून रायबोसोमचा आरएनए बनतो) सात प्रती असतात, सार-११ मध्ये एकच. म्हणून क्रमांची संख्या म्हणजे पेशींची संख्या नव्हे. तो जीव जिवंत होता का, हेही क्रम सांगत नाही: २०१६ च्या एका अभ्यासात मातीतल्या सूक्ष्मजीवांच्या डीएनएपैकी सरासरी ४० टक्के डीएनए पेशीबाहेर पडलेला किंवा फुटक्या पेशींतला निघाला.

क्रम एवढेच सांगतो, की असा रेणू नमुन्याच्या नळीत होता. नाव, संख्या, जिवंतपणा, काम हे सगळे आपण जोडतो, आणि प्रत्येकासाठी वेगळा पुरावा लागतो. निदान रेणू नळीत आला कुठून, हे तपासण्याचा एक साधा उपाय आहे: नमुन्याशिवायची नळीही त्याच सगळ्या प्रक्रियेतून न्यायची. २०१४ मध्ये अशाच तपासणीतून डीएनए वेगळा करण्याच्या तयार रसायनसंचांतही जिवाणूंचा डीएनए असल्याचे ठळकपणे पुढे आले. ज्या नमुन्यात मुळात सूक्ष्मजीव थोडे, तिथे हा रसायनसंचातला डीएनएच बाकी सगळ्यांना झाकून टाकतो.