प्रिंटर जागेवरच असतो, पत्ता बदललेला असतो

रात्रीचे दहा वाजले होते. मुलीला सकाळी नऊ पानांचा अहवाल द्यायचा होता आणि संगणकाच्या पडद्यावर प्रिंटरच्या नावाखाली करड्या अक्षरांत एकच शब्द दिसत होता : ऑफलाइन. प्रिंटर हाताच्या अंतरावर होता. दिवा लागलेला, कागद भरलेला, वायफायची निळी खूण स्थिर. मोबाइलवरून एक फोटो पाठवून पाहिला, तर तो अर्ध्या मिनिटात छापून बाहेर आला. म्हणजे प्रिंटर ठणठणीत, वायफायही ठणठणीत, आणि संगणक मात्र ठामपणे सांगत होता की प्रिंटर नाहीच.

मग प्रिंटरच्या बोटभर पडद्यावर नेटवर्कची माहिती उघडली. तिथे आकडा होता १९२.१६८.१.२३. संगणकात त्याच प्रिंटरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये जाऊन 'पोर्ट्स' उघडलं. तिथे आकडा होता १९२.१६८.१.१४. संगणक चौदा नंबरच्या दारावर हाका मारत होता आणि प्रिंटर तेवीस नंबरला राहायला गेला होता. राउटरच्या यादीत पाहिलं तर चौदा नंबरला घरातला नवा टॅबलेट आरामात नांदत होता. अहवालाची नऊ पानं आम्ही टॅबलेटकडे पाठवत होतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

'प्रिंटरचा मूड नाही' हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलं आहे की हा लेख लिहावासा वाटला. यंत्राला मूड नसतो. 'ऑफलाइन' ही प्रिंटरची अवस्था नसून संगणकाने काढलेला निष्कर्ष असतो : मी अमुक पत्त्यावर विचारलं, उत्तर आलं नाही, सबब प्रिंटर बंद. निष्कर्ष चुकतो, कारण पत्ता चुकलेला असतो. आणि पत्ता का बदलतो, ही माझ्या मते घरातल्या नेटवर्कमधली सगळ्यात देखणी गोष्ट आहे.

घरातल्या प्रत्येक उपकरणाला राउटर एक पत्ता देतो. नेहमीच्या घरगुती रचनेत वापरता येणारे पत्ते २५४, त्यातला एक राउटरचा स्वतःचा. पूर्वी, म्हणजे असे पत्ते हाताने वाटले जायचे तेव्हा, नेटवर्क सांभाळणाऱ्याला कोणता आकडा कोणाला दिला याची नोंद ठेवावी लागे आणि दोघांना एकच आकडा गेला की दोघांचंही बोलणं अडे. हे वाटपाचं काम यंत्रावर सोपवणारा नियमसंच म्हणजे डीएचसीपी. तो १९९३ मध्ये आला आणि राल्फ ड्रोम्स यांनी १९९७ मध्ये लिहिलेल्या त्याच्या सुधारित रूपावर आजही आपली घरं चालतात.

वाटप सोपं आहे. नवं उपकरण नेटवर्कवर येतं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडतं : कोणी पत्ता देतं का? राउटर म्हणतो, हा घे चौदा नंबर. उपकरण म्हणतं, ठीक, मला चौदा हवा. राउटर म्हणतो, दिला. चार वाक्यांत काम संपतं. खरा प्रश्न याच्या पुढे आहे : दिलेला पत्ता परत कसा घ्यायचा? उपकरणं निरोप घेऊन जात नाहीत. पाहुण्यांचा मोबाइल खिशात बसून निघून जातो, लॅपटॉपची बॅटरी संपते, प्रिंटरचं बटण कोणीतरी बंद करतं. 'मी पत्ता सोडतो' असा संदेश नियमात आहे, पण वीज गेलेलं यंत्र तो पाठवणार कसा? आणि जो गप्प आहे तो गेलाय की नुसता झोपलाय, हे राउटरला बाहेरून कळत नाही.

डीएचसीपीचं उत्तर असं की पत्ता कायमचा द्यायचाच नाही, भाड्याने द्यायचा. प्रत्येक पत्त्याबरोबर मुदत येते. अनेक घरगुती राउटरमध्ये ती २४ तासांची असते. मुदत एकदा ठरली की राउटर आणि उपकरण दोघंही आपापल्या घड्याळात ती मोजतात. पुढे त्यांचा एकमेकांशी संपर्क तुटला तरी भाडं कधी संपलं यावर दोघांचं एकमत असतं! न बोलता, एकमेकांना न पाहता, केवळ वेळ मोजून झालेलं एकमत. इतक्या साध्या साधनाने इतका अवघड पेच सुटलेला पाहून मला दर वेळी आनंद होतो.

आता घड्याळ जवळून पाहू. अर्धी मुदत झाली, म्हणजे १२ तास उलटले, की उपकरण ज्या राउटरने पत्ता दिला त्याच्याकडे थेट जाऊन मुदत वाढवून मागतं. हो म्हटलं की घड्याळ पुन्हा शून्यापासून. उत्तर नाही आलं तर ते आपला पत्ता वापरतच राहतं आणि अधूनमधून विचारत राहतं. मुदतीचे ८७.५ टक्के, म्हणजे २१ तास झाले की ते थेट विचारणं सोडतं आणि पुन्हा सगळ्यांना ओरडून विचारतं : कोणीही असो, माझी मुदत वाढवा. २४ तासांपर्यंत होकार आला नाही तर पत्ता त्याच क्षणी सोडायचा, असा नियम आहे. या पायऱ्यांमुळे चालू असलेल्या उपकरणाचा पत्ता सहसा बदलत नाही. तुमचा मोबाइल महिनोन्महिने एकाच आकड्यावर दिसतो तो म्हणूनच.

प्रिंटरचं तसं नसतं. तो कित्येक दिवस बंद राहतो. आमच्याकडे नेमकं हेच झालं : दोन आठवडे प्रिंटरचं बटण बंद होतं, त्याची मुदत पहिल्याच दिवशी संपली, आणि मधल्या काळात आलेल्या टॅबलेटला मोकळा पडलेला चौदा नंबर मिळाला. प्रिंटर जागा झाल्यावर त्याने आधी जुनाच नंबर मागितला असणार, राउटरने नाही म्हटलं असणार, आणि त्याला तेवीस मिळाला. नियमाप्रमाणे सगळे वागले. फक्त संगणकाला कोणी कळवलं नाही, कारण त्याला कळवणं हे कोणाचंच काम नव्हतं.

मग मोबाइलवरून फोटो कसा छापला गेला? मोबाइल प्रिंटरला आकड्याने शोधत नाही, नावाने शोधतो. छापायच्या वेळी तो नेटवर्कवर विचारतो, इथे प्रिंटर कोण कोण आहेत, आणि प्रिंटर स्वतःचं नाव व त्या घडीचा पत्ता सांगतो. म्हणून मोबाइलवरून छापलं जातं आणि संगणकावरून नाही, अशी स्थिती असेल तर जुन्या पत्त्यावर पहिला संशय घ्यावा. ही खूण फार उपयोगाची आहे.

पण पत्ता बरोबर असूनही प्रिंटर गप्प राहतो, असाही एक प्रकार आहे. त्यासाठी आणखी एक पायरी खाली उतरावं लागेल. १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता हा भाड्याचा. प्रत्येक उपकरणाच्या नेटवर्क चिपला कारखान्यातून मिळालेला दुसरा, ४८ बिटांचा क्रमांक असतो. त्याला मॅक पत्ता म्हणतात. घरातल्या घरात माहितीची पाकिटं पोचतात ती या मॅक पत्त्यावर. त्यामुळे संगणकाला छापण्याआधी विचारावं लागतं : तेवीस नंबर कोणाचा, तुझा मॅक सांग. डेव्हिड प्लमर यांनी १९८२ मध्ये मांडलेली ही पद्धत, एआरपी, आजही जशीच्या तशी चालू आहे. हा प्रश्न सगळ्यांना ओरडून विचारलेला असतो, कारण नेमकं कोणाला विचारायचं हेच माहीत नसतं.

वायफायवर अशा ओरडण्याची अडचण आहे. वीज वाचवण्यासाठी प्रिंटरची वायफाय चिप डुलक्या घेते. राउटर साधारणपणे दर १०२.४ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला जवळपास दहा वेळा, 'बीकन' नावाचा छोटा संदेश सोडतो, आणि झोपलेल्या उपकरणाने ठरावीक बीकनना जागं होऊन आपल्यासाठी काही आहे का ते पाहायचं असतं. एकट्या प्रिंटरसाठी आलेलं पाकीट राउटर राखून ठेवतो, पोच मिळाली नाही तर पुन्हा पाठवतो. सगळ्यांसाठी असलेली आरोळी मात्र एका ठरावीक बीकनच्या मागोमाग एकदाच दिली जाते. तिची पोच कोणी देत नाही आणि ती हुकली हे राउटरला कळतही नाही. गाढ झोपेतल्या प्रिंटरने ती डुलकी लांबवली की प्रश्न हवेत विरला. संगणक थोडा वेळ वाट पाहतो आणि लिहून टाकतो : ऑफलाइन. सकाळचं पहिलं पान अडकतं आणि प्रिंटरचं बटण दाबून जागं केलं की दुसरं निघतं, त्यामागे बऱ्याचदा हे असतं. अशा प्रिंटरची झोपी जाण्याआधी जागं राहण्याची वेळ सेटिंगमध्ये वाढवावी, आणि जमत असेल तर तो सरळ केबलने राउटरला जोडावा. केबलवर ही डुलक्यांची भानगडच नाही.

इथे थांबून एक बोलायला हवं. सगळं बंद करून पुन्हा चालू केलं की प्रिंटर सुधारतो, म्हणून लोक तो तोडगा श्रद्धेने करतात. तोडग्यात जादू नाही. चालू होताना प्रत्येक उपकरण पत्ता मागतं, आपलं नाव नव्याने जाहीर करतं, आणि सगळ्यांच्या जुन्या नोंदी ताज्या होतात. पण त्याच खटाटोपात पत्त्यांची फेरवाटणीही होऊ शकते, कारण काही राउटर बंद होताना वाटपाची वही विसरतात. आज सुधारलेला प्रिंटर पुढच्या आठवड्यात पुन्हा हरवतो तो म्हणून. राउटरवर चिकटवायचे 'सिग्नल वाढवणारे' स्टिकर आणि सगळे ड्रायव्हर (प्रिंटरसारखी उपकरणं संगणकाकडून चालवून घेणारे छोटे प्रोग्राम) एका क्लिकमध्ये ठीक करण्याचा दावा करणारी सॉफ्टवेअर यांचा या दुखण्याशी काहीही संबंध नाही. आणि इंटरनेटवर शोधून सापडलेल्या अनोळखी मदत क्रमांकावर फोन करून कोणाला आपल्या संगणकाचा ताबा तर कधीच देऊ नका. 'प्रिंटर ऑफलाइन' हे शब्द शोधणारा माणूस घाईत आणि वैतागलेला असतो, हे भामट्यांना पक्कं ठाऊक आहे.

खरा उपाय राउटरमध्ये आहे. राउटरच्या सेटिंगच्या पानावर डीएचसीपीच्या भागात 'अॅड्रेस रिझर्व्हेशन' किंवा त्या अर्थाचं काहीतरी सापडतं. तिथे प्रिंटरचा मॅक पत्ता लिहायचा आणि त्याच्यासमोर एक आकडा, समजा १९२.१६८.१.२००. यापुढे तो आकडा दुसऱ्या कोणाला दिला जात नाही, प्रिंटर वर्षभर बंद राहिला तरी. काही जण प्रिंटरच्या पडद्यावरच पत्ता कायमचा टाकतात. तेही चालतं, पण तो आकडा राउटर वाटत असलेल्या टप्प्याच्या बाहेरचा हवा, नाहीतर राउटर तोच आकडा एक दिवस दुसऱ्याला देईल आणि दोघांची टक्कर होईल. मला राउटरमधली सोय जास्त आवडते. सगळी वाटणी एकाच वहीत राहते.

त्यानंतर विंडोजमध्ये प्रिंटरच्या 'पोर्ट्स'मध्ये जाऊन 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' नव्याने जोडायचं आणि त्यात २०० वाला पत्ता लिहायचा. याच ठिकाणी 'कॉन्फिगर पोर्ट'मध्ये 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड' अशी एक खूण असते. ती लावलेली असली की विंडोज प्रिंटरला वेगळ्या वाटेने तब्येत विचारतं, आणि प्रिंटरने त्या वाटेवर उत्तर दिलं नाही तर छपाई शक्य असूनही त्याला ऑफलाइन ठरवतं. पत्ता पक्का करूनही तक्रार राहिली तर ती खूण काढून पाहा. रांगेत अडकलेलं जुनं काम आधी पुसा, आणि छपाईच्या रांगेच्या खिडकीत 'यूज प्रिंटर ऑफलाइन' वर चुकून टिक राहिलेली नाही ना, तेही बघा.

एवढ्यावर न भागल्यास प्रिंटरच्या पडद्यावरचा आकडा पुन्हा वाचा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर प्रिंटरला राउटर भेटलेलाच नाही. कोणी उत्तर दिलं नाही म्हणून त्याने स्वतःच स्वतःला तात्पुरता पत्ता घेतला आहे. वायफायचा पासवर्ड बदलला असेल किंवा केबल निसटली असेल. आकडा ठीक असेल, पण संगणक पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर असेल, तर ते दोघांना मुद्दाम भेटू देत नाही. ऑफिसचा व्हीपीएन, म्हणजे घरून ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारी खासगी वाट, चालू असला तरी संगणकाची पाकिटं घरातल्या घरात जाण्याऐवजी थेट ऑफिसकडे निघालेली असू शकतात.

आमचा प्रिंटर आता २०० वर आहे. मध्ये दोनदा वीज गेली, एकदा राउटर बदलला. वीज गेल्यावर तो आपल्याच जागी परतला. राउटर बदलल्यावर मात्र त्याला पुन्हा भलताच आकडा मिळाला, कारण राखीव पत्त्याची नोंद जुन्या राउटरच्या वहीत होती आणि ती त्याच्याबरोबरच गेली. प्रिंटरचा मॅक पत्ता त्याच्या पाठीमागच्या लेबलवर छापलेला होता. तो बघून नव्या राउटरमध्ये तीच नोंद पुन्हा केली.