लिफ्ट केलेली गाडी सरळ का जात नाही?

कोल्हापुरात थार, जिम्नी किंवा जुनी जिप्सी दोन इंच उचलून घेणारे आता बरेच दिसतात. गगनबावड्याकडचा पाऊस आणि राधानगरीच्या आतले लाल मातीचे रस्ते पाहिले की त्यामागचं कारणही कळतं. उचललेली गाडी चिखलात, दगडांत मस्त चालते. तक्रार सुरू होते महामार्गावर. तावडे हॉटेलचा चौक सोडून पुण्याच्या दिशेला ऐंशीचा वेग धरला की स्टिअरिंग हलकं लागतं, गाडी थोडी डावीकडे जाते, सावरली की थोडी उजवीकडे. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून मागे फिरत नाही, हातानं आणावं लागतं. मालक अलाइनमेंट करून आणतो. टोचे, म्हणजे पुढची दोन चाकं वरून पाहता आत-बाहेर किती तिरकी आहेत याचे, आकडे बरोबर आलेले असतात, आणि गाडी मात्र तशीच डुलत राहते.

बहुतेक ठिकाणी अलाइनमेंट म्हणजे टाय रॉड, म्हणजे पुढची चाकं वळवणारा दांडा, फिरवून टो बसवणं. गाडी उचलल्यावर सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त बिघडतो तो कॅस्टर नावाचा कोन, आणि त्याला तिथे कोणी हातच लावलेला नसतो. उंची बदलली की पुढच्या चाकांची सगळी भूमिती बदलते. ती सुट्या भागांनी पूर्ववत केल्याशिवाय टो बसवण्यात अर्थ नाही, असं माझं ठाम मत आहे.

स्टिअरिंग फिरवल्यावर पुढचं चाक ज्या रेषेभोवती वळतं, ती रेषा उभी सरळ नसते. बाजूनं पाहिलं तर तिचं वरचं टोक थोडं मागे कललेलं असतं. हा कल म्हणजे कॅस्टर. त्यामुळे ती रेषा खाली वाढवली तर जमिनीला टायर टेकतो त्या जागेच्या थोडी पुढे जाऊन टेकते. म्हणजे चाक आपल्या वळण्याच्या अक्षाच्या मागे ओढलं जातं. ऑफिसच्या खुर्चीची चाकं खुर्ची ढकलली की आपोआप मागच्या बाजूला वळतात, तसंच इथेही घडतं. अक्ष आणि टायर यांच्यातल्या या अंतराला ट्रेल म्हणतात, आणि गाडी सरळ राहण्याचा मोठा भार याच काही मिलिमीटरांवर असतो.

जिम्नीचंच घ्या. तिचा पुढचा अ‍ॅक्सल अखंड आहे आणि मागे चासीला जोडलेल्या दोन लांब आर्मनी तो धरलेला असतो. चासी वर गेली की आर्मचं मागचं टोक वर जातं, पुढचं टोक तुलनेनं खाली राहतं, आणि आर्मबरोबर अख्खा अ‍ॅक्सल पुढे कलतो. हिशोबासाठी आर्म ८० सेंटिमीटरचा धरू. ५ सेंटिमीटर लिफ्ट केली तर आर्मचा कोन साधारण ३.६ अंशांनी बदलतो, आणि कॅस्टर तेवढाच कमी होतो. मूळ कॅस्टर ४ अंश असेल, तर उरला जेमतेम ०.४ अंश. टायरची त्रिज्या ३५ सेंटिमीटर धरली तर ट्रेल आधी सुमारे २४ मिलिमीटर होता, तो आता अडीच मिलिमीटरच्या आत आला. चाकाला सरळ ओढणारा तो आधार दहा हिश्शांतला एक उरला. मग स्टिअरिंग हलकं लागणार नाही तर काय! जिप्सीला पुढे पाट्याच्या स्प्रिंगा असतात, तिथे लिफ्ट कशी केली आहे यावर हा बदल कमी-जास्त होतो. पण तक्रार ऐकायला येते ती हीच.

हा दोष टायर पाहून कळत नाही, ही खरी अडचण. कॅस्टर कमी झाला म्हणून टायर आतून किंवा बाहेरून खात नाही. मशीनवर तो मोजता येतो, पण त्यासाठी चाकं फिरत्या थाळ्यांवर उभी करून स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे ठरावीक अंश फिरवावं लागतं. घाईच्या वेळी हीच पायरी गाळली जाते. शिवाय मशीनमधलं बरोबर-चूक दाखवणारं हिरवं-लाल हे कंपनीच्या मूळ उंचीच्या गाडीसाठी असतं. लिफ्ट केलेल्या गाडीला, विशेषतः मोठे टायर घातल्यावर, त्या पट्ट्यात कुठे बसवायचं हे माणसानं ठरवायचं असतं.

दुरुस्ती कशी करायची हे गाडीच्या रचनेवर ठरतं. पाट्यांच्या गाडीत पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये पाचरीसारखी उतरती पट्टी घालतात. आर्मच्या गाडीत बुश म्हणजे सांध्यातला रबरी तुकडा; भोक मध्यभागी नसलेले ऑफसेट बुश मिळतात. ते बसवले की अ‍ॅक्सल परत मागे कलतो. दुसरा मार्ग म्हणजे आर्मचं चासीकडचं टोक ब्रॅकेट लावून खाली आणणं. यात भूमिती छान सुधारते, पण ब्रॅकेट खाली लोंबतं आणि दगडाला लागतं. उद्यमनगरात लेथवर बुश किंवा पट्टी हवी तशी करून मिळते आणि आपल्याकडच्या कारागिरांच्या हाताबद्दल मला शंका नाही. तरी पाचर मऊ धातूची नसावी आणि दोन्ही बाजूंची अगदी एकसारखी असावी, एवढा आग्रह धरावा. डाव्या-उजव्या कॅस्टरमध्ये फरक राहिला की ज्या बाजूचा कॅस्टर कमी, त्या बाजूला गाडी ओढते.

कॅस्टर मात्र हवा तेवढा वाढवता येत नाही. अ‍ॅक्सल मागे कलवला की डिफरन्शियलचं तोंडही त्याच्याबरोबर खाली झुकतं, आणि तिथून गिअरकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर, म्हणजे त्याच्या वळत्या जोडावर, जास्त कोन येतो. फोर-बाय-फोर टाकल्यावर खालून घरघर, थरथर सुरू झाली तर आधी हे तपासावं. म्हणून लिफ्ट जितकी जास्त, तितकी स्टिअरिंग आणि शाफ्ट यांच्यात तडजोड करावी लागते. दोन इंचांपर्यंत ती सहज जमते. चार इंचांना खिसाही रिकामा होतो आणि मन:स्तापही होतो.

अखंड अ‍ॅक्सलच्या कॉइल स्प्रिंगच्या गाडीत आणखी एक दांडा असतो, पॅनहार्ड रॉड. त्याचं एक टोक चासीला, दुसरं अ‍ॅक्सलला. अ‍ॅक्सल डावीकडे-उजवीकडे सरकू नये म्हणून तो लावलेला असतो. गाडी उचलली की हा दांडा जास्त तिरका होतो आणि अख्ख्या अ‍ॅक्सलला एका बाजूला ओढतो. ८० सेंटिमीटरच्या दांड्याच्या दोन टोकांत आधी १० सेंटिमीटर उंचीचा फरक असेल आणि लिफ्टनंतर तो १५ झाला, तर अ‍ॅक्सल सुमारे ८ मिलिमीटर सरकतो. त्यातून गाडी सरळ जात असताना स्टिअरिंग वाकडं राहतं. लांबी कमी-जास्त करता येणारा पॅनहार्ड रॉड लावून हे सुधारतं. हा रॉड आणि स्टिअरिंगची हालचाल चाकाकडे नेणारा ड्रॅग लिंक हे दोन्ही दांडे शक्य तितके समांतर राहायला हवेत. एकच खाली घेतला आणि दुसरा तसाच ठेवला, तर स्पीडब्रेकरवरून उतरताना गाडी आपोआप थोडी वळते.

थारचं गणित वेगळं आहे. २०२० पासूनच्या थारला पुढे डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म आणि दोन्ही चाकं स्वतंत्र. तिथे उंची वाढवणारा स्पेसर घातला की कॅस्टरबरोबर कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा आत-बाहेरचा कल) आणि टो दोन्ही हलतात, वरच्या बॉल जॉइंटला हालचालीला कमी जागा उरते आणि ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटवर ताण येऊन रबरी बूट फाटायला लागतात. मूळ विशबोनच्या समायोजनात कोन येत नसतील तर लिफ्टसाठीच बनवलेले वरचे आर्म लावावे लागतात.

टोमुळे टायरचं काय होतं, हे आकड्यांत पाहण्यासारखं आहे. ७० सेंटिमीटर व्यासाच्या टायरचा एकूण टो हवा त्यापेक्षा ६ मिलिमीटरनं जास्त असेल, तर प्रत्येक चाक साधारण पाव अंश तिरकं चालतं. म्हणजे एका किलोमीटरमागे टायर चार मीटरहून थोडा जास्त आडवा घासला जातो. रबर ताणलं जातं, सुटतं, पुन्हा ताणलं जातं. कोल्हापूर ते पुणे सव्वादोनशे किलोमीटर धरले, तर हे आडवं ओढणं जवळजवळ एक किलोमीटर भरतं. टायरवर तळहात आतून बाहेर आणि बाहेरून आत फिरवून पाहा. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं लागलं, तर टो बिघडलेला आहे.

टो घरीही मोजता येतो, आणि जुने मेस्त्री आजही तसा मोजतात. पुढचं चाक जॅकवर उचलायचं, टायरच्या मध्यावर खडू फासायचा, एक टोकदार खिळा ठोकळ्यावर स्थिर धरून चाक फिरवायचं. खडूत बारीक, सरळ रेघ उमटते. दोन्ही चाकांवर अशी रेघ काढून गाडी खाली घ्यायची आणि थोडी पुढे ढकलायची, म्हणजे सस्पेन्शन नेहमीच्या उंचीला बसतं. मग हबच्या उंचीला दोन रेघांमधलं अंतर टायरच्या पुढच्या बाजूला आणि मागच्या बाजूला टेपनं मोजायचं. दोन्हींतला फरक हाच टो. दोन माणसं असली आणि टेप ताणून धरला की एक-दोन मिलिमीटरपर्यंत अंदाज येतो. कॅस्टर यातून कळत नाही, पण मशीनवाल्याचं काम बरोबर झालं का, हे नक्की कळतं.

कोन बसवण्याआधी सैल भाग शोधले पाहिजेत. चाक उचलून वर-खाली आणि आडवं हलवून प्ले, म्हणजे सैलपणा, पाहायचा. टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, पॅनहार्ड रॉडचे बुश, व्हील बेअरिंग. स्पीडब्रेकरनंतर स्टिअरिंग जोरात थरथरत असेल तर कारण बहुधा यातच असतं, नाहीतर बॅलन्सिंगमध्ये. अशा वेळी जाड स्टिअरिंग डॅम्पर लावून थरथर दाबणं मला धोकादायक वाटतं, कारण सैल झालेला बोल्ट आतून सैलच राहतो. त्यानंतर टायरमधली हवा, मग कॅस्टर, मग कॅम्बर, आणि टो अगदी शेवटी, कारण आधीच्या प्रत्येक बदलानं टो हलतो.

बुशचे बोल्ट कधी आवळायचे, हेही फार कमी ठिकाणी पाळलं जातं. बुशमधलं रबर दोन्ही बाजूंच्या धातूला चिकटवलेलं असतं. गाडी गॅरेजमधल्या उचलयंत्रावर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळले, तर गाडी खाली आल्यावर ते रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि लवकर फाटतं. बोल्ट हातानं बसवून, गाडी चाकांवर उभी करून मगच पूर्ण आवळायचे.

चाचणीसाठी रस्ता निवडतानाही विचार करावा. पाणी निघून जावं म्हणून आपले रस्ते कडेला उतरते असतात, त्यामुळे डावीकडे चालणारी निर्दोष गाडीही हात सोडल्यावर हळूहळू डावीकडे जाते. रिकाम्या, सपाट पट्ट्यावर पाहावं. नवीन स्प्रिंगा काहीशे किलोमीटरमध्ये थोड्या बसतात, म्हणून त्यानंतर पुन्हा एकदा मोजमाप करून घ्यावं.

लिफ्ट करण्याआधी कायद्याचाही विचार करावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्यानं ठरवलेल्या रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत, आणि अपघात झाला तर विम्याच्या दाव्यातही हा मुद्दा निघू शकतो. किट घेण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घ्यावं. अलाइनमेंटला गेल्यावर दोन छापील कागद मागा, कामाआधीचा आणि कामानंतरचा, आणि दोन्हींवर डाव्या-उजव्या कॅस्टरचा आकडा आहे का ते तिथेच उभं राहून पाहा. तो रकाना रिकामा असेल तर पैसे देण्याआधी मोजून घ्यायला सांगा.