लोकप्रतिनिधींनी स्वीकारलेल्या भेटी व देणग्या : नीतिविचार आणि ग्रामीण विदर्भातील व्यवहार

ज्यांचे हितसंबंध शासनाच्या वा सभागृहाच्या निर्णयात गुंतलेले आहेत अशा धनवान व्यक्तींकडून किंवा संस्थांकडून आमदार-खासदारांनी रोख रक्कम, वस्तू, पाहुणचार, निवडणूकखर्च किंवा आपल्या संस्थेसाठी देणगी स्वीकारावी काय, आणि स्वीकारल्यास कोणत्या मर्यादेत व कोणत्या नोंदीनिशी, हा लोकशाही नीतिविचारातील एक मूलभूत प्रश्न आहे. लाच हा त्याचा एक भाग झाला, आणि कायद्याच्या दृष्टीने त्यातल्या त्यात सोपा. अवघड भाग उघड सौदा नसलेल्या भेटींचा आहे. खाल्ल्या मिठाला जागणे हा आपल्याकडे माणुसकीचा गुण मानला जातो आणि खाजगी जीवनात तो गुणच आहे. परंतु लाखो लोकांच्या वतीने बोलणारा माणूस एकाच्या मिठाला जागू लागला, की बाकीच्यांचा विश्वासघात होतो. भेट घेणारा दुर्जन असतो म्हणून ती धोक्याची ठरते असे नाही. घेणारा कृतज्ञ असला तरी, किंबहुना कृतज्ञ असल्यामुळेच, तो मिंधा होतो.

विदर्भाच्या ११ जिल्ह्यांत विधानसभेचे ६२ मतदारसंघ आहेत. यांपैकी बहुतेक ग्रामीण मतदारसंघांत मतदार मुख्यतः कोरडवाहू कापूस-सोयाबीनचा किंवा धानाचा शेतकरी, शेतमजूर किंवा आदिवासी असतो. मोठा पैसा मात्र ज्या व्यवसायांत फिरतो ते जवळजवळ सगळे शासकीय परवानगीवर, लिलावावर किंवा निविदेवर चालतात. वणी, राजुरा, बल्लारपूर पट्ट्यातील कोळसा व त्याची वाहतूक, कोरपना-राजुरा भागातील सिमेंट कारखाने, गोंदिया-भंडाऱ्यातील राईस मिल आणि त्यांना मिळणारे शासकीय धानाच्या भरडाईचे काम, वैनगंगा-वर्धेवरचे रेतीघाट, तेंदूपत्त्याचे ठेके, रस्ते, पूल व कालव्यांची कामे यांत नफा किती होणार हे बाजाराइतकेच मंत्रालयातील व जिल्हाधिकारी कार्यालयातील सहीवर अवलंबून असते. म्हणून या भागात ‘देणगीदार’ आणि ‘निर्णयाची वाट पाहणारा’ ही बहुधा एकच व्यक्ती असते, आणि भेटीचा विचार करताना तिची किंमत किती हे विचारण्याआधी देणाऱ्याची फाइल कोणत्या टेबलावर पडून आहे हे विचारणे अधिक योग्य ठरते.

पैशाचा प्रवेश बहुधा निवडणुकीत होतो. अर्ज भरला की तालुक्याच्या गावी गाड्या लागतात, गावोगाव जेवणावळी होतात, बूथवरच्या मुलांचा खर्च असतो. पेट्रोलपंपावर चिठ्ठी चालते. तिच्यावर गाडीचा क्रमांक, लिटरचा आकडा आणि कार्यकर्त्याची सही एवढेच असते. पंपवाला ती तारेला टोचून ठेवतो आणि निकालानंतर चिठ्ठ्यांचा गठ्ठा अनेकदा उमेदवाराकडे न जाता एखाद्या ठेकेदाराकडे हिशेबाला जातो. मंडपवाला, साऊंडवाला, फ्लेक्स छापणारा यांचेही तसेच. उमेदवाराच्या हातात एक रुपयाही दिला गेलेला नसतो, त्यामुळे ‘मी कुणाकडून पैसे घेतले नाहीत’ असे तो शपथेवर सांगू शकतो. तरीही तो कोणाचा देणेकरी झाला हे त्याला, ठेकेदाराला आणि अर्ध्या तालुक्याला ठाऊक असते.

निवडून आल्यावर खर्च थांबत नाही. शंकरपटाचे (बैलजोड्यांच्या शर्यतीचे) पहिले बक्षीस, कबड्डीच्या सामन्यांची ढाल, भागवत सप्ताहाचा महाप्रसाद, गणपती-दुर्गा मंडळांची वर्गणी, झाडीपट्टीतल्या नाटकाच्या उद्घाटनाला दिलेली रक्कम, लग्नातला आहेर, आजाऱ्याला नागपूरच्या दवाखान्यात नेण्याचे गाडीभाडे, तेरवीला हजेरी : आमदाराने हे करावे अशी गावाची अपेक्षा असते आणि हात आखडता घेणारा आमदार ‘कामाचा नाही’ ठरतो. हा खर्च कोणाच्याही मानधनातून निघणारा नाही. मग तो ज्याच्या खिशातून निघतो त्याच्या रेतीच्या टिप्परवर तहसीलदाराने कारवाई केली, की फोन कोणाचा येईल हे सांगावे लागत नाही. याचा दोष गावकऱ्यांच्या माथी मारण्याची एक सवय शहरी लिखाणात दिसते. ती अन्यायाची आहे. ज्या तालुक्यात सरकारी दवाखान्यात तज्ज्ञ डॉक्टर नसतो आणि पीकविम्याचा दावा महिनोन्‌महिने अडकून राहतो, तेथे माणूस हक्काऐवजी उपकार मागतो, कारण मिळण्याची शक्यता उपकाराचीच अधिक असते. मात्र मंडळाला मिळालेली वर्गणी आणि गावच्या नदीतून उपसलेली रेती यांचा हिशेब एकाच वहीतला आहे, हे ओळखणे गावाच्याच हिताचे आहे.

निवडणूकखर्चाविषयीचा कायदा लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मध्ये आहे. कलम ७७ नुसार उमेदवाराने खर्चाचा स्वतंत्र हिशेब ठेवावा लागतो, कलम ७८ नुसार निकालानंतर ३० दिवसांत तो जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो आणि न दिल्यास कलम १०अ नुसार निवडणूक आयोग त्याला तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. महाराष्ट्रात विधानसभेसाठी खर्चाची कमाल मर्यादा २०२२ पासून ४० लाख रुपये व लोकसभेसाठी ९५ लाख रुपये आहे. पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादा नाही. पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही त्याच्या हिशेबात धरावा, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता खटल्यात दिला होता; त्यानंतर लगेच कायद्यात बदल करून पक्ष आणि मित्रमंडळी यांचा खर्च वगळण्यात आला. पुढे २००३ मध्ये ही सूट मुख्यतः प्रमुख प्रचारकांच्या प्रवासापुरती आवळली गेली. त्याच वर्षापासून २०,००० रुपयांवरील देणग्यांचा तपशील पक्षांनी आयोगाला कळवणे बंधनकारक झाले.

कंपन्यांच्या देणग्यांचा इतिहास धरसोडीचा आहे. १९६९ मध्ये त्यांवर बंदी आली, १९८५ मध्ये ती उठली, २०१३ च्या कंपनी कायद्याने गेल्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या ७.५ टक्के ही मर्यादा घातली आणि २०१७ मध्ये तीही काढून टाकण्यात आली. २०१८ मध्ये सुरू झालेल्या निवडणूक रोख्यांत देणगीदाराचे नाव जनतेपासून लपलेले राहत असे. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ही योजना, तसेच कंपन्यांवरील मर्यादा काढणारी दुरुस्ती, घटनाबाह्य ठरवली. पक्षाला पैसा कोण देतो हे जाणणे मतदाराच्या माहितीच्या हक्कात येते, हा त्या निर्णयाचा आधार होता.

सभागृहातील कामासाठी पैसे घेण्याची स्वतंत्र भारतातील पहिली गाजलेली घटना मुंबईशी संबंधित आहे. हंगामी संसदेचे सदस्य एच. जी. मुद्गल यांनी मुंबईच्या सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन तिच्या बाजूने प्रश्न व दुरुस्त्या मांडल्याचा ठपका चौकशी समितीने ठेवला. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी स्वतः त्यांच्या हकालपट्टीचा ठराव मांडला आणि १९५१ च्या सप्टेंबरात मुद्गल यांनी राजीनामा दिला. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेताना छुप्या कॅमेऱ्यात सापडलेल्या लोकसभेच्या १० व राज्यसभेच्या एका सदस्याला बडतर्फ करण्यात आले, आणि २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सभागृहांचा हा अधिकार मान्य केला. या दोन्ही घटनांत आकडे मोठे नव्हते. मुद्गल प्रकरणात तर रक्कम काही हजारांतली होती, तरीही संसदेने तिला क्षुल्लक मानले नाही. हा दाखला आजही महत्त्वाचा आहे.

मतासाठी लाच घेतलेल्या सदस्यावर खटला चालू शकतो काय, याचे उत्तर मात्र दीर्घकाळ चुकीचे दिले गेले. १९९३ च्या अविश्वास ठरावावरून झालेल्या खटल्यात १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने असा निर्णय दिला, की लाच घेऊन सभागृहात मत देणाऱ्याला घटनेच्या अनुच्छेद १०५(२) चे, म्हणजे सभागृहातील भाषण व मताबद्दल खटला न चालण्याचे, संरक्षण आहे. ४ मार्च २०२४ रोजी सीता सोरेन प्रकरणात सात न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने तो निर्णय फिरवला. लाच स्वीकारताक्षणी गुन्हा पूर्ण होतो, पुढे मत कसे दिले याच्याशी त्याचा संबंध नाही, हे या निर्णयातील सूत्र आमदारांनाही अनुच्छेद १९४(२) द्वारे तितकेच लागू आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ मध्ये २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनंतर ‘अनुचित लाभ’ हा शब्द आला असून तो केवळ पैशापुरता मर्यादित नाही, आणि लाच देणाराही, ती देण्याची सक्ती झाल्याचे सात दिवसांत कळवले नसल्यास, शिक्षेस पात्र असतो.

लाचेच्या सीमेपर्यंत न पोहोचणाऱ्या पाहुणचाराच्या क्षेत्रात मात्र नियम विरळ आहेत. १९५३ च्या नागपूर कराराला अनुसरून विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपूरला भरते आणि ते हुरड्याच्या दिवसांत येते. शहराबाहेरच्या शेतावर आगटी पेटते, गरम हुरडा चोळून ताटात येतो, सोबत चटणी, गूळ, दही, पुढे सावजी जेवण. यजमान एखादा बांधकाम व्यावसायिक, मिलमालक किंवा वाहतूकदार असतो. आमंत्रण घेणे हा या भागाचा शिष्टाचार आहे आणि कणसाच्या दाण्याला कोणी लाच म्हणणार नाही. तथापि त्याच आठवड्यात यजमानाच्या कामाविषयीचा तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना कामकाजपत्रिकेवर असेल आणि प्रश्न विचारणारा सदस्य ऐनवेळी सभागृहात नसेल, तर त्या रात्रीच्या पंगतीचा अर्थ बदलतो. राज्यसभेच्या सदस्यांसाठीच्या आचारसंहितेत किरकोळ स्मरणचिन्हे व रूढ पाहुणचार यांना मोकळीक असून कर्तव्याच्या निःपक्षपातीपणात बाधा आणणारी भेट निषिद्ध आहे. मंत्र्यांच्या आचारसंहितेत शासकीय संबंध येऊ शकणाऱ्या व्यक्तीकडून भेट घेण्यास मनाई आहे, आणि एखाद्या संस्थेसाठी वा पक्षासाठी अर्पण केलेली थैली शक्य तितक्या लवकर तिच्याकडे पोहोचवण्याची अट आहे. संसद सदस्याने निवडून आल्यावर आपली मालमत्ता सभागृहाच्या प्रमुखाकडे घोषित करावी असे लोकप्रतिनिधित्व अधिनियमाचे कलम ७५अ सांगते. हे कलम आमदारांना लागू नाही. गावचा तलाठी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मुळे भेटींच्या बाबतीत बांधलेला असतो. त्याच गावाचे प्रतिनिधित्व करणारा व तलाठ्याच्या बदलीसाठी शब्द टाकू शकणारा आमदार तितका बांधलेला नसावा, हे समर्थनीय नाही.

देणगी प्रतिनिधीच्या हातात न पडता त्याच्या कुटुंबाच्या शिक्षणसंस्थेत, सूतगिरणीत किंवा प्रतिष्ठानात जमा होते तेव्हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. विदर्भात अशा संस्थांनी मुलींच्या शिक्षणासारखी मोलाची कामे केली आहेत, आणि त्यांना मिळालेली प्रत्येक देणगी संशयास्पद मानणे चूक ठरेल. परंतु खाण किंवा कारखान्याच्या पर्यावरण मंजुरीसाठी जनसुनावणी होते, मंडपात एका बाजूला जमीन जाणारे शेतकरी सातबारा हातात घेऊन उभे असतात, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी इतिवृत्त लिहीत असतात, अशा वेळी त्या कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीतून आपल्या संस्थेची इमारत उभी राहिलेला प्रतिनिधी माइकसमोर काय बोलेल? तो प्रामाणिकपणे प्रकल्पाच्या बाजूचा असेलही. तरी ते मत त्याचे स्वतःचे आहे की इमारतीचे, हे समोरच्या शेतकऱ्याने कसे ठरवावे? राजकीय पक्षाला दिलेली रक्कम सामाजिक दायित्वाचा खर्च धरता येत नाही, एवढे नियम सांगतात. पुढाऱ्याच्या संस्थेविषयी ते असे काही सांगत नाहीत.

धनिक आणि लोकप्रतिनिधी एकाच घरात असले, की भेटीचीही गरज उरत नाही. बुलडाणा जिल्ह्यात खामगावच्या तत्कालीन आमदाराच्या कुटुंबाविरुद्ध शेतकऱ्यांनी सावकारीच्या तक्रारी केल्या, तेव्हा मुख्यमंत्री कार्यालयातून पोलिसांना फोन गेला आणि त्याची नोंद ठाण्याच्या स्टेशन डायरीत झाली. हे प्रकरण नागपूर खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर २०१० मध्ये न्यायालयाने या हस्तक्षेपाबद्दल कठोर ताशेरे ओढून राज्य शासनावर १० लाख रुपयांचा खर्च बसवला. डायरीतील त्या नोंदीनेच न्यायालयापुढे हस्तक्षेप उघडा पडला. लेखी नोंद ही या क्षेत्रातील सर्वांत मोठी ताकद का आहे, हे या प्रकरणातून दिसते.

देणग्यांच्या बाजूने केले जाणारे युक्तिवाद पोकळ नाहीत. देणग्या पूर्णपणे बंद केल्यास स्वतःच श्रीमंत असलेलेच उमेदवार उरतील, हा त्यांतील सर्वांत वजनदार. तो मान्य करूनही म्हणावे लागते, की उपाय अनेकांच्या छोट्या वर्गणीत आहे, एकाच्या मोठ्या चिठ्ठीत नाही. देणारा निरपेक्ष असतो हा युक्तिवाद मात्र सहज तपासता येतो. तोच प्रतिनिधी निवडणुकीत पराभूत झाला असता, तर वाढदिवसाचे फ्लेक्स, गाडी आणि लग्नातला खर्च आला असता काय? बहुतेक भेटी या परीक्षेत उतरत नाहीत. नाव जाहीर केले की दोष संपतो, हे म्हणणेही अपुरे आहे, कारण ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी हा व्यवहार सगळ्यांदेखतही चालू शकतो. ज्याच्याकडून घेतले त्याच्या कामाविषयी सभागृहात बोलण्याआधी ते संबंध सांगणे आणि त्या विषयावरील मतदानापासून दूर राहणे, एवढे तरी जोडीला हवे.

गडचिरोलीत वनहक्क कायदा, २००६ व पेसा कायदा (अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा) यांच्या आधारे अनेक ग्रामसभा तेंदूपत्ता व बांबू यांची विक्री स्वतः करतात. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे त्यांतील सर्वपरिचित गाव. तेथे भाव गावासमोर ठरतो, त्यामुळे ठेकेदाराला भेट देऊन वश करण्यासाठी एकटा निर्णयकर्ता सापडणे कठीण जाते. आमदारकीला ही रचना जशीच्या तशी लावता येणार नाही. पण विधानसभा उमेदवाराने दिलेला खर्चाचा हिशेब ठरलेले किरकोळ शुल्क भरून कोणालाही जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात पाहता येतो व त्याची प्रत मिळते. आपल्या तालुक्यात किती गाड्या फिरल्या, कोणाच्या पंपावर डिझेल भरले गेले आणि कोणत्या मंगल कार्यालयात पंगती उठल्या हे गावातल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. त्या हिशेबातील गाडीभाडे व इंधनाच्या रकान्यांशी ते ताडून पाहण्याचे काम त्यांच्याइतके नेमके दुसऱ्या कोणाला करता येणार नाही.