व्हॅपनिक, चेर्वोनेंकिस आणि यंत्राच्या शिकण्याची हमी

फ्रँक रोझेनब्लॅट यांनी 1950च्या दशकाअखेरीस अमेरिकेत परसेप्ट्रॉन, म्हणजे दोन गट वेगळे ओळखायला शिकणारे साधे यंत्र, मांडला आणि उदाहरणे दाखवून यंत्राला शिकवता येते, हे दिसले. पण पाहिलेल्या उदाहरणांवर अचूक ठरलेले यंत्र न पाहिलेल्यांवरही तसेच वागेल कशावरून? मॉस्कोच्या नियंत्रणशास्त्र संस्थेत व्लादिमीर व्हॅपनिक आणि अलेक्सेई चेर्वोनेंकिस यांनी 1960च्या दशकात या प्रश्नाला हात घातला.

नमुना मोठा घेतला की वारंवारता संभाव्यतेच्या जवळ जाते, हे गणिताला ठाऊकच होते. मात्र ही खात्री आधीच ठरलेल्या एका निकषापुरती, म्हणजे उदाहरणे दोन गटांत वाटणाऱ्या एका नियमापुरती असते. यंत्र अगणित निकषांतून नमुन्यावर सर्वांत कमी चुकणारा निवडते, आणि एवढ्या गर्दीत निव्वळ योगायोगाने जुळणाराही एखादा सापडतोच. म्हणून साऱ्या निकषांना एकाच वेळी लागू पडणारी हमी हवी होती. तिची पूर्ण सिद्धता 1971च्या लेखात आली.

त्यातली कल्पना मला आजही विलक्षण वाटते. निकष मोजायचेच नाहीत. ते बिंदूंची, म्हणजे उदाहरणांची, दोन गटांत किती प्रकारे विभागणी करू शकतात, एवढेच मोजायचे. एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंच्या आठही विभागण्या सरळ रेषेने करता येतात. चार बिंदूंच्या सोळाही विभागण्या मात्र कधीच जमत नाहीत, ते कसेही मांडा. ज्यांच्या सर्व विभागण्या जमतात अशा बिंदूंची कमाल संख्या म्हणजे व्हीसी मिती (या दोघांच्या आडनावांची आद्याक्षरे); म्हणून प्रतलातल्या रेषांची ती 3. ही मिती सांत, म्हणजे अनंत नसलेली, असेल, तर विदा कुठल्याही वितरणातून आलेली असो, पुरेशा नमुन्यावर हमी मिळते. निकषात बदलता येणाऱ्या आकड्यांच्या संख्येवरून मात्र ही मिती कळत नाही: एकाच आकड्याने बदलणाऱ्या साइन वक्रांची मिती अनंत आहे!

1984 मध्ये लेस्ली व्हॅलियंट यांनी संगणकशास्त्राच्या बाजूने शिकण्याची व्याख्या केली. गणनेला लागणारा वेळ बाजूला ठेवला तर त्या व्याख्येत बसायला मिती सांत असणे आवश्यक आणि पुरेसे आहे, हे 1989 मध्ये ब्लूमर आणि सहकाऱ्यांनी दाखवले. पुढे व्हॅपनिक अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत गेले. दोन गटांमध्ये शक्य तितका रुंद पट्टा मोकळा सोडणारी रेषा शोधण्याचा त्यांचा मॉस्कोतला विचार तिथे, 1992 आणि 1995च्या लेखांतून, सपोर्ट व्हेक्टर मशीन या शिकण्याच्या पद्धतीच्या रूपात फळाला आला.

2017 मध्ये संशोधकांनी चित्रांना मुद्दाम यादृच्छिक नावे देऊन पाहिली, तर डीप नेटवर्कने, म्हणजे अनेक थरांच्या कृत्रिम चेताजाळ्याने, तीही पाठ केली. एवढ्या क्षमतेच्या जाळ्यांवर व्हीसी मितीवरून काढलेल्या मर्यादा उपयोगाचे काही सांगत नाहीत. तेवढ्यावरून हा सिद्धांत कालबाह्य ठरवणे मला पटत नाही. अशी जाळी खऱ्या विदेवर तरीही का चालतात, हे विचारताना संशोधक आजही या दोघांनी घालून दिलेल्या चौकटीतच कोडे मांडतात.